वर्षभराची नोंद आणि एका संध्याकाळचा गौरव

विद्यापीठाच्या क्रीडा परिषदेच्या नव्या सचिवांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: विद्यार्थ्यांनीच चालवलेले २६ क्रीडा क्लब आहेत, वर्षअखेरीस सर्वांचा मिळून एक गौरव सोहळा होतो, पण ‘वर्षातील सर्वोत्तम क्लब’ हा मान फिरून फिरून त्याच दोन-तीन मोठ्या क्लबांकडे जातो, लहान क्लबांचे सदस्य हळूहळू यायचे बंद झाले आहेत आणि पुरस्कारांची संख्या वाढवूनही मागच्या रांगा रिकाम्याच राहतात. अशा वेळी सोहळ्याची मांडणी कशी बदलावी आणि तो कोणत्या तारखेला घ्यावा?

असे सोहळे मी वीसहून अधिक वर्षे उभे केले आहेत आणि त्यातली पहिली सहा-सात वर्षे मीही पुरस्कारांची संख्याच वाढवत होतो, म्हणून सांगतो की दुखणे त्या संध्याकाळी नाही, त्याआधीच्या दहा महिन्यांत आहे. निवड समितीला तिच्यासमोर आलेल्या कागदापलीकडे काही दिसत नाही, आणि तो कागद बहुतेक ठिकाणी सोहळ्याच्या पंधरा दिवस आधी घाईघाईने मागवलेला असतो. मोठ्या क्लबाकडे प्रसिद्धीचे काम पाहणारा वेगळा पदाधिकारी असतो, छायाचित्रे हाताशी असतात, गेल्या वर्षीचा अर्ज जपून ठेवलेला असतो. लहान क्लबाचा सचिव स्वतः खेळतो, स्वतःच जाळे बांधतो, स्वतःच बिले सांभाळतो आणि अर्ज भरण्याच्या आठवड्यात त्याची नेमकी परीक्षा असते. समितीला वाटते आपण कामगिरीची तुलना करतो आहोत. तुलना होते ती अर्जांची. अशा वेळी पुरस्कार दहाचे वीस केले तर चांगला अर्ज लिहिणाऱ्यांना दहा पुरस्कार जास्त मिळतात, एवढेच.

त्यामुळे माझा पहिला सल्ला सोहळ्याबद्दल नाही, नोंदवहीबद्दल आहे. प्रत्येक क्लबाकडून महिन्याकाठी अर्धे पान घ्यावे, त्याहून जास्त मागू नये, कारण जास्त मागितले की दुसऱ्या महिन्यापासून काहीच येत नाही. त्या अर्ध्या पानात सरावाची किती सत्रे ठरली होती, किती झाली आणि साधारण किती जण आले, हे असावे. कोण कोणत्या स्पर्धेत उतरले आणि किती जणांत किंवा किती संघांत कितवे आले, हे असावे. नवे किती आले आणि मागच्या महिन्यात आलेल्यांपैकी किती टिकले, पडद्यामागे कोणी कोणते काम केले, आणि शेवटी या महिन्यात काय बिघडले, एवढे आले की पान भरते. हा शेवटचा मुद्दा मी आग्रहाने ठेवायला लावतो. जिंकल्याची बातमी कशीही पोहोचतेच. सरावाची जागा ऐन हंगामात गेली, प्रशिक्षक मध्येच सोडून गेला, वाहन रस्त्यात बंद पडले आणि तरीही संघ सामन्याला उभा राहिला, ही माहिती त्या महिन्यात लिहिली नाही तर वर्षअखेरीस कुणालाही आठवत नाही. ज्या क्लबाकडून पान येणार नाही त्याच्या सचिवाला परिषदेतल्या एकाने फोन करावा आणि तो जे बोलेल ते स्वतः लिहून घ्यावे. दहा मिनिटांचे काम आहे, पण ते कोणाचे हे वर्षाच्या सुरुवातीला नावानिशी ठरलेले नसेल तर होत नाही.

अशा नोंदीतून काय हाती लागते त्याचा एक नमुना सांगतो. एका वर्षी टेबल टेनिस क्लबाच्या तिसऱ्या महिन्याच्या पानावर चार ओळी होत्या: दोन टेबले डुगडुगत होती, पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या सरकवून सराव चालू होता, एका टोकाला चेंडू जास्त उसळतो म्हणून रोज वाद होत होते; द्वितीय वर्षाच्या एका मुलीने सराव संपल्यावर दोन संध्याकाळी थांबून सगळ्या पायांचे स्क्रू फिरवून, पाण्याची पातळी दाखवणारी नळी लावून टेबले समतल केली आणि वाद थांबले. ही मुलगी संघात नव्हती, तिचे नाव कोणत्याही निकालपत्रावर आले नसते. सोहळ्यात तिच्यासाठी लिहिलेल्या तीन वाक्यांत पुठ्ठ्याचा उल्लेख आला तेव्हा त्या क्लबाची अख्खी रांग हसली आणि मग उभी राहिली, कारण तो पुठ्ठा प्रत्येकाने पायाने आत ढकललेला होता. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पदकापेक्षा ती टाळी मोठी होती असे मी म्हणणार नाही; पण पुढच्या वर्षी त्या क्लबाचे सगळे जण वेळेआधी येऊन बसले होते, हे मी पाहिले आहे.

पडद्यामागच्या कामाला गौरवात दुय्यम जागा द्यायची सवय आपल्याला असते, म्हणून एक ठळक उदाहरण देतो. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफली रोड मैदानावर रॉजर बॅनिस्टर यांनी एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत धावून चार मिनिटांची मर्यादा ओलांडली. त्या दिवशी आधी ख्रिस ब्रॅशर आणि मग ख्रिस चॅटवे यांनी पुढे धावून त्यांना वेग बांधून दिला, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यामागची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. त्याच मैदानावरची जुनी धावपट्टी ओबडधोबड होती आणि एका मैलाला तीन फेऱ्या पडतील अशा मापाची होती. ती काढून ४४० यार्डांची नवी धावपट्टी घालण्याचे काम बॅनिस्टर यांनी विद्यार्थी असताना, विद्यापीठाच्या ॲथलेटिक्स क्लबाचे अध्यक्ष म्हणून हाती घेतले होते आणि १९५० मध्ये ती तयार झाली. म्हणजे जो विक्रम जगाने पाहिला त्याच्या पायाखालची जमीन एका विद्यार्थी क्लबाच्या कार्यकारिणीने चार वर्षे आधी तयार करून घेतली होती. तुमच्या निवड समितीसमोर १९५० चे ते पान आले असते, तर ‘पदके’ या रकान्यात त्याला जागा मिळाली असती का, हा प्रश्न समितीच्या पहिल्याच बैठकीत विचारावा.

आता खरा अवघड भाग: एकमेकांसारखे नसलेले क्लब एका मापाने कसे मोजायचे. संपूर्ण विद्यापीठांची तुलना करणाऱ्या गुणपद्धती जगभर आहेत. भारतात मौलाना अबुल कलाम आझाद चषक १९५६-५७ पासून आंतरविद्यापीठ स्पर्धांतील एकूण कामगिरीसाठी एका विद्यापीठाला दिला जातो. ब्रिटनमध्ये विद्यापीठीय स्पर्धा भरवणारी संघटना सगळ्या खेळांतले गुण मिळवून विद्यापीठांची क्रमवारी लावते. अमेरिकेत १९९३-९४ पासून ‘डायरेक्टर्स कप’ आहे, आणि त्यात स्टॅनफर्ड विद्यापीठ १९९४-९५ ते २०१८-१९ अशी सलग २५ वर्षे पहिले आले. स्टॅनफर्डचे खेळाडू उत्तम होतेच, पण तिथे तीसहून अधिक खेळांचे संघ होते, हेही त्यामागचे मोठे कारण. जिथे गुणांची बेरीज होते तिथे ज्याच्याकडे बेरजेला जास्त रकाने तो पुढे राहतो. विद्यापीठाविद्यापीठांत हे चालून जाते. पण तोच हिशेब तुम्ही क्लबाक्लबांत लावला की वर्षानुवर्षे तोच निकाल येणार, आणि तुमच्याकडे नेमके तेच होते आहे.

पदके मोजण्यातला दोष तर याहून साधा आहे. जलतरणात एका स्पर्धेत, एका दिवसात, एकच खेळाडू चार-पाच शर्यतींत उतरू शकतो. हॉकीचा संघ पूर्ण हंगाम खेळून एक चषक आणतो. नौकानयनात आठ वल्हेकरी आणि एक सुकाणू मिळून एक शर्यत जिंकतात. पदके मोजली तर नऊ आणि निकाल मोजला तर एक. चार स्पर्धकांत तिसरा आलेला कांस्यपदक घेऊन येतो, आणि १८० धावपटूंच्या मैदानी शर्यतीत विसावी आलेली धावपटू रिकाम्या हाताने. म्हणून माझ्या तक्त्यात पदकांचा रकानाच नसतो. प्रत्येक निकाल ‘इतक्यांत इतकावा’ असा लिहिला जातो, सांघिक निकाल एकच धरला जातो, आणि शेजारी त्याच क्लबाचा गेल्या वर्षीचा त्याच स्पर्धेतला निकाल असतो. क्लबाची तुलना शेजारच्या क्लबाशी न करता त्याच्या स्वतःच्या कालच्या रूपाशी करणे, हा मला आजवर सापडलेला सर्वांत कमी अन्यायाचा मार्ग आहे.

त्यातही एक खाच आहे आणि मी तीत एकदा पडलो आहे. प्रगतीलाच सर्व काही मानले की जो क्लब आधीच शिखरावर आहे त्याला वर जायला जागा उरत नाही, आणि सलग तिसऱ्या वर्षी विजेतेपद राखणाऱ्या संघाला तुम्ही ‘प्रगती नाही’ असे सांगून बसता. विजेतेपद राखणे हे मिळवण्यापेक्षा सोपे नसते. यावर मी काढलेला तोडगा असा की जे जिंकले ते स्पर्धेत ठेवायचेच नाही: ज्यांनी विजेतेपद मिळवले त्या सर्वांची नावे, खेळ आणि स्पर्धा सोहळ्याच्या पहिल्या भागात क्रमाने वाचली जातात, त्यांना मंचावर बोलावले जाते, आणि त्यासाठी कुणालाही अर्ज करावा लागत नाही, कुणाशीही तुलना होत नाही. ‘सर्वोत्तम क्लब’ हे नाव मात्र मी काढून टाकायला सांगेन. त्याऐवजी ‘वर्षभराच्या बांधणीसाठी’, ‘नव्या सदस्यांना टिकवण्यासाठी’, ‘अडचणीतून हंगाम पूर्ण करण्यासाठी’ असे, कशासाठी दिले ते नावातच सांगणारे तीन-चार मान ठेवा. नाव जितके मोघम, तितके भांडण मोठे.

खेळाडूंच्या वैयक्तिक मानाबाबत विद्यापीठांची जुनी परंपरा उपयोगी पडते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यात क्रिकेटचा पहिला सामना १८२७ मध्ये आणि नावेची पहिली शर्यत १८२९ मध्ये झाली. १८३६ च्या शर्यतीत केंब्रिजच्या नावेला फिकट निळी फीत बांधली गेली आणि पुढे ‘ब्लू’ हा शब्द विद्यापीठाकडून सर्वोच्च पातळीवर खेळल्याचा मान ठरला. त्याखालोखाल ‘हाफ ब्लू’ आला. हार्वर्डच्या बेसबॉल संघाने १८६५ मध्ये सदऱ्यावर ‘एच’ अक्षर लावले, आणि त्यातून अमेरिकेत खेळाडूला विद्यापीठाचे अक्षर देण्याची प्रथा रुजली. या मानांची खुबी ही की त्यांना एकच विजेता नसतो. ठरलेली पातळी गाठली, ठरलेला सामना खेळला, ठरलेल्या वेळेत शर्यत संपवली की तो मान तुमचा. शेजारच्याला मिळाला म्हणून तुमचा जात नाही. तुमच्या सोहळ्याचा कणा असा असावा: वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर केलेले निकष, ते पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला बिल्ला किंवा पट्टा, मग ते तीस असोत वा नव्वद. एकालाच मिळणारे मान पाच-सहापेक्षा जास्त नसावेत.

परंपरेचे तोटेही त्याच ठिकाणी दिसतात. कोणता खेळ पूर्ण मानाचा आणि कोणता अर्ध्या, ही उतरंड एकदा ठरली की पिढ्यान्पिढ्या हलत नाही, आणि ती ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचेच खेळ असतात. त्याच नावेच्या शर्यतीत महिलांचा पहिला सामना १९२७ मध्ये झाला. पण पुरुषांच्या शर्यतीच्याच दिवशी आणि थेम्सच्या त्याच मार्गावर त्यांना उतरायला २०१५ साल उजाडले. हे कुणी दरवर्षी मुद्दाम ठरवत होते असे नाही, गेल्या वर्षीचे पान पुढच्या वर्षी तसेच वापरले जात होते. तुमच्या यादीतही असे काही असेलच. महिलांचे निकाल पुरुषांच्या निकालांनंतर आणि दुप्पट वेगाने वाचले जातात का, दिव्यांग खेळाडूंचे निकाल ‘विशेष उल्लेख’ या कोपऱ्यात जातात का, जुन्या फिरत्या चषकांवर कोणत्या खेळांची नावे कोरलेली आहेत, एवढे एकदा शांतपणे तपासून पाहा.

निवड समितीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पाच जण पुरतात, त्यांत क्लबांशी संबंध नसलेले किमान दोन असावेत, आणि स्वतःच्या क्लबाची चर्चा सुरू झाली की त्या सदस्याने खोलीबाहेर जावे. नुसते गप्प बसणे पुरत नाही, कारण त्याच्या तोंडाकडे बघून बाकीचे बोलतात. सदस्यांच्या मतदानावर पुरस्कार सोपवू नका. मतदान म्हणजे सदस्यसंख्येचीच मोजणी, आणि ती तुम्हाला आधीच ठाऊक आहे. आणखी एक गोष्ट अप्रिय असली तरी लिहिणे भाग आहे: नाव पक्के करण्यापूर्वी त्या व्यक्तीविरुद्ध किंवा क्लबाविरुद्ध छळाची वा गैरवर्तनाची तक्रार प्रलंबित आहे का, हे संबंधित विभागाला विचारून घ्यावे. तक्रार असेल तर मान त्या वर्षापुरता थांबवावा आणि कारण समितीबाहेर जाऊ देऊ नये. मंचावर टाळ्या घेणारा चेहरा पाहून सभागृहातले कुणी उठून निघून जात असेल, तर त्या संध्याकाळचे बाकी सारे व्यर्थ आहे.

खिलाडूवृत्तीचा पुरस्कार बहुतेक ठिकाणी जो हरला पण सगळ्यांना आवडतो त्याला दिला जातो, आणि त्यामुळे त्याची किंमत राहत नाही. इथे अल्टिमेट या चकतीच्या खेळाकडून शिकण्यासारखे आहे. त्या खेळात बहुतेक सामने पंचांशिवाय होतात, नियमभंगाचा निर्णय खेळाडू आपसांत बोलून घेतात, आणि सामना संपल्यावर दोन्ही संघ एकमेकांना पाच बाबींवर शून्य ते चार असे गुण देतात: नियमांचे ज्ञान आणि वापर, अंगाला अंग भिडवणे टाळणे, न्यायबुद्धी, सकारात्मक वृत्ती व स्वतःवरचा ताबा, आणि संवाद. गुण देणारा प्रतिस्पर्धी असतो, हा त्यातला गाभा. तुमच्या सर्व क्लबांना ही पद्धत जशीच्या तशी लागू होणार नाही, पण वर्षभरात प्रतिस्पर्धी संघांकडून आणि पंचांकडून प्रत्येक क्लबाबद्दल दोन ओळी मागवल्या, तरी घरच्या लोकांनी घरच्या माणसाचे कौतुक करण्यापेक्षा ते कितीतरी विश्वासार्ह ठरते.

आता मानपत्राकडे येतो, कारण माझ्या मते गौरव म्हणजे शेवटी ती तीन वाक्येच. चषक हा त्यांचा पुरावा. ‘अथक परिश्रम, निष्ठा आणि समर्पण यांसाठी’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते वाचले जाताना सभागृहात लोक आपापसांत बोलू लागतात हे मला पाठ झाले आहे. ते कुणालाही लागू पडते, म्हणून कुणाचेच नसते. त्याऐवजी असे लिहा: ‘तलवारबाजी क्लबाचे खजिनदार. वर्षाच्या सुरुवातीला क्लबाकडे वापरण्यासारखे पाच मुखवटे होते आणि सराव चार-चार जणांच्या पाळ्यांत चालत होता. त्यांनी तीन जुन्या मुखवट्यांची दुरुस्ती करून घेतली, दुसऱ्या क्लबाशी साहित्य वाटून घेण्याचा करार केला, आणि दुसऱ्या सत्रात एकाही नवख्याला पाळीची वाट पाहावी लागली नाही.’ यात स्तुतीचे विशेषण एकही नाही. मी मानपत्रे तपासायला घेतो तेव्हा पहिले काम विशेषणे खोडण्याचे करतो. खोडल्यावर काही उरले नाही तर क्लबाकडे परत पाठवतो आणि एकच विचारतो, ‘ते काय करताना तुम्ही त्यांना पाहिले?’ उत्तर जवळजवळ नेहमी मिळते. मासिक पान असेल तर विचारायचीही गरज पडत नाही.

उपविजेत्यांविषयी लिहिताना जरा जपून. मेडवेक, मेडी आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकची चित्रफीत लोकांना दाखवली होती. रौप्यपदक मिळवणाऱ्यांपेक्षा कांस्यपदक मिळवणारे पाहणाऱ्यांना अधिक आनंदी वाटले. रौप्यवाल्याच्या मनात हुकलेले सुवर्ण असते, कांस्यवाल्याच्या मनात हुकता हुकता राहिलेले पदक. त्यामुळे अंतिम सामना हरलेल्या संघाच्या मानपत्रात ‘थोडक्यात विजेतेपद हुकले’ असे लिहून मीठ चोळू नये. ते अंतिम फेरीपर्यंत कसे पोहोचले, कोणाला हरवून पोहोचले, ते लिहावे.

संध्याकाळच्या मांडणीत वेळ हा सगळ्यात मोठा शत्रू. दीड तासात आटोपलेला सोहळा लोक पुढच्या वर्षी आठवणीने गाठतात, अडीच तासांच्या सोहळ्याला तेच लोक निम्म्यातून उठतात. मानपत्र वाचायला चाळीस सेकंद, मंचावर येऊन खाली जायला वीस, असा मिनिटाचा हिशेब धरला तर साठ मिनिटांत साठ मान होतात, आणि त्याहून जास्त असतील तर निकषांवरचे बिल्ले क्लबवार एकत्र द्यावेत. प्रमुख पाहुण्यांचे भाषण सुरुवातीला आणि सहा मिनिटांचे. कर्णधारांची आभाराची भाषणे अजिबात नकोत. हे ऐकायला कठोर वाटते, पण पहिला कर्णधार दोन मिनिटे बोलला की सव्विसाव्याला बोलू न देणे अशक्य होते. क्लबांना वर्णक्रमाने बसवू नका, दरवर्षी चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा, नाहीतर मोठे क्लब पुढच्या रांगा धरतात आणि त्यांच्या घोषणांत मागच्या दहाजणांची टाळी बुडते. घोषणांचा हा प्रश्न जुनाच आहे. जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धांची मालिका १९५९ मध्ये ट्यूरिन इथे सुरू झाली तेव्हाच तिथे विजेत्यांसाठी देशोदेशीच्या राष्ट्रगीतांऐवजी सर्वांसाठी एकच जुने लॅटिन विद्यार्थीगीत वाजवायचे ठरले. एवढ्या मोठ्या मैदानावर जे साधले त्याचा लहानसा अवतार सभागृहातही जमतो: प्रत्येक मानानंतर एकसारखी, एवढीच लांब धून वाजवा आणि ती संपली की पुढचे नाव.

नावांच्या उच्चाराचे म्हणाल तर माझ्या हातून झालेली सर्वांत लाजिरवाणी चूक तीच आहे. एका वर्षी निवेदकाच्या हाती यादी सोहळ्याच्या अर्धा तास आधी पडली, आणि चार वर्षे क्लब सांभाळलेल्या एका विद्यार्थिनीचे नाव त्याने असे वाचले की तिला ते आपले आहे हे कळलेच नाही. ती बसून राहिली, निवेदकाने ‘उपस्थित नाहीत’ असे म्हणून पुढचे नाव घेतले, आणि तिच्या क्लबाच्या मुलांनी ओरडून सांगेपर्यंत तो क्षण गेला होता. मागाहून तिला बोलावून चषक दिला, पण तिच्या चेहऱ्यावरून मला कळले की तो आता नुसता धातूचा तुकडा होता. तेव्हापासून मान मिळणाऱ्या प्रत्येकाकडून मी स्वतःच्या आवाजात स्वतःचे नाव उच्चारलेली पाच सेकंदांची ध्वनिफीत मागवतो, निवेदक ती आदल्या दिवशी ऐकतो आणि यादीवर स्वतःला समजेल तसे लिहून घेतो. मान कोणता हे त्यांना आधी सांगायचे नसेल तर क्लबाच्या सर्व पदाधिकाऱ्यांकडून ध्वनिफिती मागवाव्यात, म्हणजे गुपितही राहते.

जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी दोन गोष्टी ठरवून ठेवा. दुखापतीमुळे घरी असलेल्या खेळाडूचे मानपत्र सर्वांच्या आधी वाचा, शेवटी नव्हे. आणि हंगामात मध्येच खेळ सोडावा लागलेल्यांची नावे क्लबाच्या यादीतून वगळू नका. संघ अंतिम फेरीत पोहोचेपर्यंत पहिले पाच सामने तेच खेळलेले असतात.

तारखेबद्दल विचारले आहे म्हणून तेही. युनेस्कोने २०१५ मध्ये २० सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय विद्यापीठ क्रीडा दिन म्हणून मान्य केला आणि काही जण गौरव सोहळा त्या दिवशी ठेवण्याचा विचार करतात. ज्यांचे शैक्षणिक वर्ष त्याच सुमारास सुरू होते त्यांनी तसे करू नये असे माझे मत आहे, कारण गौरव ज्यांचा करायचा त्यातले निम्मे तोवर पदवी घेऊन गेलेले असतात. सोहळा हंगाम संपल्यावर आणि अंतिम परीक्षांच्या आधी किंवा लगेच नंतर घ्यावा. २० सप्टेंबरला मात्र गेल्या वर्षीची मानपत्रे मोठ्या अक्षरांत छापून नव्या विद्यार्थ्यांच्या नोंदणीच्या ठिकाणी लावावीत. क्लब निवडायला आलेल्या नवख्याला चषकांच्या कपाटापेक्षा त्या मजकुरातून जास्त कळते.

सोहळ्यानंतरच्या आठवड्यात तीन कामे उरतात आणि ती नेहमी राहून जातात. फिरत्या चषकांवर त्या वर्षीचे नाव लगेच कोरून घ्यायचे. मी पाहिलेल्या एका चषकावर सलग नऊ वर्षे कोरी होती आणि ती भरायला कुणाकडेच माहिती नव्हती. छायाचित्रांखाली नाव, क्लब आणि वर्ष लिहायचे, तेही डावीकडून उजवीकडे क्रमाने, आणि ज्यांना आपले छायाचित्र प्रसिद्ध व्हायला नको आहे त्यांची वेगळी करायची. तिसरे काम म्हणजे मासिक पानांची फाईल, खोडलेल्या मानपत्रांच्या मसुद्यांसकट, परिषदेच्या नव्या सचिवाच्या हाती सोपवायची आणि त्याच बैठकीत विचारायचे की पान न पाठवणाऱ्या क्लबांना पुढच्या वर्षी फोन कोण करणार आहे. ते नाव त्या फाईलच्या पहिल्या पानावर लिहा.